पाच ठिपक्यांचं ब्लेड

सोमवार, ४ जून

आज सलूनवाल्याला घरी बोलावलं, बाबांच्या दाढीसाठी. अर्धांगाचा झटका येऊन पंचवीस दिवस झाले — उजवा हात गेला, बोलणं गेलं आणि दाढी वाढत राहिली. सलूनवाला बिचारा गोड बोलत जवळ गेला. फेस लावणार तोच बाबांनी डाव्या हाताने त्याचं मनगट धरून बाजूला सारलं. दोनदा. तिसऱ्यांदा वाटीच उडवली! "साहेब, माझ्याच्याने नाही व्हायचं," म्हणाला आणि सामान गोळा करून निघाला. बाबा पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसले. हॉस्पिटलातून घरी आणल्यापासून हे असंच चाललंय.

संध्याकाळी ताईचा फोन. "चोवीस तारखेला येते. तेव्हाही ते असेच भिंतीकडे बघत बसलेले असले, तर मी त्यांना माझ्याकडे घेऊन जाणार. तुझ्याच्याने होत नसेल तर सरळ सांग ना!" तिचं चुकत नाही. पण बाबांना न्यायचं नाही. मला ते इथे हवेत. एवढंच लिहिलं तरी डोळे भरून आले. कमाल आहे माझी.

मंगळवार, ५ जून

बाबांना परका हात नको आहे, हे उघड आहे. मग राहिलं कोण? मी!

पण मी रेझर जन्मात हातात धरलेला नाही. कॉलेजपासून दाढी ठेवलीय, महिन्याला कात्री लावली की झालं. बाबांचा रेझर आजवर फक्त फळीवर बघितलेला. दहा वर्षांचा असताना त्यातल्या ब्लेडने पेन्सिलीला टोक काढलं होतं. बाबा ओरडले नाहीत. नुसतं म्हणाले, "माझ्या वस्तूला हात लावायचा नाही." बत्तीस वर्षं नाही लावला! त्यांना दाढी करताना घरात कोणी बघितलेलंही नाही. मोरीचं दार आतून बंद, नळाचा आवाज, मग पंधरा मिनिटांनी गुळगुळीत बाबा बाहेर.

आज लावला हात. काय जड आहे! दुकानातलं भिंग लावून बघितला (चष्म्याच्या काचा घासणाऱ्याला भिंगाशिवाय काही दिसतच नाही म्हणा). मूठ फिरवली की तीन तुकडे होतात — वरची टोपी, मधली पट्टी, खाली दांडा, म्हणजे ही मूठच. ब्लेड टोपी आणि पट्टीच्या मध्ये. पण मूठ ढिली होती. पाव फेरा तरी. बाबांच्या हातून असा गलथानपणा?

आणखी एक. आरशाच्या चौकटीत ब्लेडचा कागद खोचलेला, त्यावर पेन्सिलीचे दोन ठिपके. शेजारी दोऱ्याला बांधलेलं पेन्सिलीचं थोटूक. हे काय बुवा?

बुधवार, ६ जून

ठिपक्यांचं कोडं सुटलं! फळीवर मागे एक जुना डबा आहे, झाकणाला चीर पाडलेली. वापरलेली ब्लेडं चिरीतून आत — कचऱ्यात कोणाचा हात कापायला नको. डब्याखाली कागदांची चळत. प्रत्येक कागदावर पाच ठिपके. पाच दाढ्या झाल्या की नवं ब्लेड. ना सहा, ना चार!

शुक्रवार, ८ जून

शिकायचं तर आपल्या रेझरवर आणि आपल्या थोबाडावर. म्हणून नवा रेझर घ्यायला गेलो. दुकानदार म्हातारा, बोलका. माझी दाढी बघून म्हणाला, "नवखे दिसता. मग हा दातेरी पट्टीचा नको, चावतो. हा सरळ पट्टीचा घ्या." आखूड दांडा, लांब दांडा, हलका, भारी — सगळे हातात देऊन बघायला लावले. मला बाबांच्या इतका जड हवा होता. "जड चांगला," म्हणाला, "पण मग दाबायचं नाही हं. काम वजनाला करू द्यायचं, आपण नुसतं वाट दाखवायची."

हे वाक्य आमच्या चष्म्यांच्या दुकानात लिहून लावलं पाहिजे.

शनिवार, ९ जून

गेली! वीस-बावीस वर्षांची दाढी गेली!

आधी कात्री, मग साबण, मग रेझर. दहा मिनिटं घासतोय, एक केस कापला जाईल तर शपथ. दुकानदाराने फसवलं म्हणून त्याचा उद्धार केला. मग भिंग लावलं — मधली पट्टी उलटी बसवलेली! ब्लेड बिचारं आत दबून बसलेलं. दिवसभर लोकांच्या काचा सरळ बसवून देणारा माणूस, आणि घरी ही अक्कल! सुलटी केली. मग जोरात आलो, आणि हनुवटीवर दोन ठिकाणी रक्त.

बाहेर आलो तर बायको दाराशीच. "अगं बाई! तुला हनुवटी आहे?" आणि जी हसत सुटली! तिचं हसणं ऐकून बाबांनी मान वळवली. भिंतीवरून माझ्याकडे. बराच वेळ बघितलं. ओठाचा एक कोपरा हलला. हसले! मी सांगतो ना, हसले!

रविवार, १० जून

मानेवरचे केस तीन दिशांनी उगवतात. हे मला आजवर कोणीही सांगितलेलं नव्हतं!

मंगळवार, १२ जून

आज आवाजाचा शोध लागला. रेझर नीट कलला असेल तर बारीक करकर ऐकू येते. फार उभा धरला की आवाज बंद आणि नुसती खरवड. म्हणजे डोळ्यांपेक्षा कानाने करायचं काम! आधी कोरड्या बोटाने केसांचा कल बघून घ्यायचा, मग त्याच दिशेने आखूड आखूड हात. कातडी ताणायची. दर वेळी पाण्यात झटकायचं. आज एकच ओरखडा. बायको म्हणते, "चार दिवसांत एवढा अभ्यास शाळेत केला असतास तर?"

बुधवार, १३ जून

माझ्या रेझरला गंज! आठवडा व्हायच्या आत! मी दाढी झाली की मूठ घट्ट आवळून ठेवत होतो, पाणी आतच राहत होतं. म्हणून बाबांची मूठ पाव फेरा ढिली! गलथानपणा म्हणे. मीच गलथान. ब्लेड पुसायचंही नाही — झटकायचं, ढिलं करायचं आणि उभं ठेवायचं.

त्यांचा रेझर कोमट पाण्यात व्हिनेगर घालून बुडवला, जुन्या टूथब्रशने घासला. महिनाभराचं पांढरं किटण निघालं. दांड्यावरची नक्षी एका जागी पार झिजलेली आहे. तिथे बोट ठेवून बघितलं, बरोबर बसलं.

नवं ब्लेड घातलं, त्याचा कोरा कागद आरशाच्या चौकटीत खोचला. पट्टी सुलटी! तीनदा बघितली.

गुरुवार, १४ जून

सकाळी बाबांना मोरीत नेलं, आरशापुढे खुर्चीत बसवलं. रेझर त्यांच्या पुढ्यात धरला. म्हटलं, "बाबा, हात लावलाय. चालेल का?"

त्यांनी डाव्या हातात घेतला, उजेडाकडे धरला. ब्लेड दोन्ही बाजूंनी सारखं बाहेर आहे का बघितलं. मग माझ्या उघड्या हनुवटीकडे, तिच्यावरच्या सगळ्या जखमांकडे. रेझर मला परत दिला आणि हनुवटी पुढे केली.

जीव भांड्यात पडला. बाबांच्या गालाला मी शेवटचा हात कधी लावला होता? आठवेना. मऊ झालाय गाल. अर्धा तास लागला. फळी, ब्रशचा खिळा, पेन्सिल, सगळं डावीकडे, माझं कोपर सारखं आपटत होतं. कानाखाली जरा कापलं. तुरटी लावली. शेवटी त्यांनी बोटाने आरसा दाखवला. कागद! मी पहिला ठिपका दिला.

शनिवार, १६ जून

दुसरी दाढी. सोयीसाठी ब्रशचा खिळा उजवीकडे ठोकला, तर बाबांनी काठी आपटून आपटून घर डोक्यावर घेतलं. मुकाट परत डावीकडे ठोकला. "पडली सवय, राहू दे की," बायको म्हणाली. बाबा हल्ली काठी धरून चार-सहा पावलं टाकतात. डाव्या हाताने जेवतात तर एक शीत सांडत नाही. "किती पटकन बसवला हात!" ही कौतुकाने म्हणते.

सोमवार, १८ जून

तिसरी. जबड्याखालची एक जागा राहतेच. मला काही ती सापडत नाही.

बुधवार, २० जून

चौथी दाढी. ठिपका द्यायला गेलो तर आधीच चार! म्हणजे माझा पाचवा. बायकोला विचारलं. "मी कशाला ठिपके काढू? मला काय दाढी येते?" मीच कधी दोनदा दिला असेन. ब्लेड बदललं.

रविवार, २४ जून

ताई आली. दारातच थांबली. बाबा दाराकडे तोंड करून बसलेले, इस्त्रीचा शर्ट, चेहरा चकचकीत. मी कालच केली होती. तिने दोन्ही तळहात त्यांच्या गालांवर ठेवले. "कोणी केली?" बाबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मग माझा हात धरला तो सोडेचनात.

ताई रडायला लागली. मीही. "शेवटी लावलास ना वस्तूला हात, उपद्व्याप्या!" म्हणाली. दुपारी बॅग उचलली, स्वतःचीच. बाबा राहिले! इथेच राहिले!

मंगळवार, २६ जून

भिंग घरी विसरलं म्हणून अर्ध्या वाटेतून परत आलो. मोरीचं दार किलकिलं. आतून करकर ऐकू आली. बारीक, एकसारखी. माझी कधीच इतकी छान येत नाही.

बाबा उभे होते. काठी भिंतीला, कंबर बेसिनला टेकलेली. रेझर डाव्या हातात. जबड्याखालची ती राहिलेली जागा — आखूड आखूड हात, जराही दाब नाही. हा हात काल-परवा शिकलेला नव्हे. पेन उजव्या हातात, घास उजव्या हातात, आणि दार लावून दाढी आयुष्यभर या हाताने! फळी डावीकडे, खिळा डावीकडे — आणि मी भिंग घेऊन हिंडतोय! मी रेझर जोडून ठेवतो, एवढीच काय ती मदत.

त्यांनी तोंड पुसलं. थोटूक उचललं, आरशातल्या कागदावर एक ठिपका दिला.

मी भिंग न घेताच, पाय न वाजवता निघालो.

बुधवार, २७ जून

सकाळी बाबा आपणहून खुर्चीत येऊन बसले. डावा हात मांडीवर निपचित ठेवला, हनुवटी पुढे केली. मी फेस केला.

जबड्याखालची जागा आज मुद्दाम सोडली.