लिंबोणीतला तुझा गडी

आई,

तुझा गडी पुन्हा चालू झाला. हे आधीच सांगून टाकतो, कारण मी गोष्ट लांबवायला लागलो की तू "मुद्द्याचं बोल" म्हणून उठून जायचीस, आणि पस्तीस वर्षं मास्तरकी करून माझी ती खोड कमी व्हायच्या ऐवजी वाढलीच आहे. चालू झाला म्हणजे नुसता फटफटला नाही. पोळ्याच्या दोन दिवस आधी, पाऊस उघडून छान वाफसा आलेला असताना, त्याने आपल्या लिंबोणीच्या सोळा ओळींत कुळवाची पाळी घातली आणि एकदाही बंद पडला नाही. पाळी संपल्यावर मी बांधावर उभा राहून एकटाच हसत होतो. तुझी सून म्हणाली, "रिटायर झाल्यापासून तुमचं जरा जास्तच चाललंय." तिचं म्हणणं खोटं नाही.

नवख्या माणसाला तुझा गडी म्हणजे खरोखरचा माणूस वाटायचा. मग तू त्याला गोठ्याकडे नेऊन तो छोटा ट्रॅक्टर दाखवायचीस, एका सिलिंडरचा, बोनेट जेमतेम कमरेएवढं, नगरजवळच्या कुठल्याशा रोपवाटिकेने लिलावात काढलेला. बैल लिंबोणीत शिरायला नाखूश असत, काट्यांनी त्यांच्या पाठी सोलून निघत, म्हणून दादांनी तो आणला. पण दादा, तुझे यजमान, पडले एसटीतले कंडक्टर, आठवड्यातले चार दिवस मुक्कामी गाडीवर. तेव्हा चालवायचा कुणी? तू नऊवारीचा काष्टा आणखी घट्ट खोचायचीस, वरून दादांचा जुना खाकी शर्ट, डोक्याला टॉवेल, आणि आडवी फांदी आली की मान इतकी खाली घालायचीस की मागून बघणाऱ्याला वाटावं, ट्रॅक्टर आपला आपणच चाललाय. काष्टी गावच्या बाजाराला निघालेली माणसं सायकलवरून उतरून बघत. तू त्यांच्याकडे ढुंकूनही बघायची नाहीस, पण बांधाजवळ आलीस की वेग थोडा वाढवायचीस, हे मला तेव्हाही कळत होतं.

हँडल मारायला तूच मला शिकवलंस. मी सातवीत आहे. एका हाताने इंजिनाचा दाब सोडणारी कळ दाबायची, दुसऱ्या हाताने हँडल फिरवायचं, वेग आला की कळ सोडायची. तू सांगतेस, "आंगठा बोटांच्या बाजूलाच ठिव. हँडलाला मिठी मारायची न्हाई." मी मिठी मारतो. इंजिन उलटा झटका देतं, हँडल हातातून सुटतं, आणि माझा हात दुखायच्या आधी तुझी चापट पाठीत बसते. "आंगठा मोडला तर खडू काय दातात धरशील? तुज्या हाताला वळनच न्हाई!" मी मास्तर होणार हे तेव्हा फक्त तू ठरवलेलं होतं, मला त्याची कल्पना नव्हती.

बैल विकले तरी तू पोळा सोडला नाहीस. आदल्या संध्याकाळी खांदेमळणी. लोक बैलांचे खांदे लोण्या-हळदीने मळतात, तू त्याचं बोनेट मळायचीस. सकाळी विहिरीवर धुवायचीस, गेरूचे पट्टे ओढायचीस, दोन दिव्यांना शिंगं समजून बेगड चिकटवायचीस, आणि त्या दिवशी त्याला कामाला लावायचं नाही हा दंडक. पुरणपोळीचा नैवेद्य बोनेटवर ठेवला जायचा आणि गड्याच्या वतीने मी खायचो. मी नगरला डी.एड.ला असताना एका पोळ्याला येताना तांबड्या ऑइलपेंटचा डबा घेऊन आलो. गेरू पावसात धुऊन जातो, रंग कसा कायमचा पाहिजे, असं माझं शहरी शहाणपण. "बैलाला कुनी आइलपेंट लावतं व्हय?" म्हणालीस, पण खूश होतीस. मी दिवसभर खपून त्याला नखशिखांत रंगवला, बोल्टसुद्धा सोडले नाहीत. तू येईल त्याला सांगत होतीस, "पोरानं आनलाय रंग." माझ्याकडून तुला मिळालेली ती पहिली भेट.

पुढच्याच पंधरवड्यात तो रुसायला लागला. सुरू व्हायचा, पाव तास चालायचा, मग धापा टाकत बंद. थोड्या वेळाने पुन्हा सुरू, पुन्हा बंद. मेकॅनिकने तीनदा पंप खोलला, नोझल बदललं, काही उपयोग नाही. आणि एका सकाळी ओट्यावर चार माणसं चहा पीत असताना काका म्हणाले, "वैनी, राग मानू नका, पन बाईमानसाच्या हातात यंत्र दिलं की आसंच व्हायचं. तुमी त्येला पिळून काढला." तुला उलट उत्तर द्यायला कधी वेळ लागायचा नाही. त्या दिवशी तू कपबश्या उचलल्यास आणि आत गेलीस. मग गडी पत्र्याच्या शेडमध्ये गेला, बाग काकांना वाट्याने गेली, आणि कुणी विचारलं तर तू स्वतःच सांगायला लागलीस, "माज्याच हातनं मेला त्यो." पुन्हा कुठल्याही यंत्राला तू हात लावला नाहीस, पिठाच्या गिरणीतसुद्धा लांब उभी राहायचीस. बारा वर्षांनी गेलीस तेव्हाही तो शेडमध्येच होता.

आता बाग माझ्याकडे आहे. यंदा उन्हाळ्यात शेड मोकळी करायची म्हणून भंगारवाल्याचा टेम्पो दारात आला, त्याच्या माणसांनी गड्याला दोर बांधला, आणि मी म्हणालो, "राहू द्या." का म्हणालो ते मलाही कळलं नाही. तुझी सून म्हणाली, "तुम्हाला साधा नळ बसवता येत नाही." तेही खरंच होतं, म्हणून मी साखर कारखान्यातून रिटायर झालेल्या एका फिटर मिस्त्रींना गाठलं. आपल्या ओळखीतले नव्हेत, तुझ्या माघारी इकडे राहायला आलेले. त्यांनी गड्याभोवती एक फेरी मारली, गंजाचा पोपडा नखाने उडवला आणि म्हणाले, "मास्तर, हिथं सरळ असं येकच हाय, ते म्हंजी तुमची इच्छा. पन हुईल."

तीन महिने आम्ही दोघं त्या शेडमध्ये होतो आणि आयुष्यात इतका मजेत मी क्वचितच राहिलो असेन. एअर फिल्टरमध्ये उंदरांचा संसार निघाला. पिस्टन गंजून जागच्या जागी बसला होता, त्यावर डिझेल आणि जुनं ऑइल ओतून आठ दिवस मुरत ठेवलं. मी रोज सकाळी चहाच्या आधी जाऊन बघायचो. नवव्या दिवशी लाकडाचा ठोकळा ठेवून मिस्त्रींनी हातोडा घातला आणि पिस्टन केसभर हलला, तर आम्ही दोन म्हातारे एकमेकांच्या पाठी थोपटत होतो. रिंगा नगरच्या जुन्या बाजारात हुडकल्या. झिजलेले बुश लेथवर नवे करून घेतले. डिझेलच्या टाकीत मूठभर खडी आणि सायकलची चेन घालून मी ती दोन दिवस खुळखुळ हलवली, तेव्हा कुठे आतला गंज सुटला. माझ्या हातांना काळे डाग पडले, ते साबणाने जाईनात, आणि जाऊ नयेत असंच मला वाटत होतं. माझा रंग बाकी सगळीकडे उडाला होता, फक्त टाकीच्या झाकणावर जाड, चकचकीत टिकला होता. मिस्त्री झाकण घासायला घेणार तर मी त्यांच्या हातातून काढून घेतलं. म्हटलं, "हे असंच राहू द्या, मी आईला दिलेली आठवण आहे." ते म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. नवं झाकन मिळायचं बी न्हाई."

पोळ्याला आठवडा उरला असताना मी हँडल मारलं, अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवून. चौथ्या खेपेला धुराचा एक लोट निघाला आणि तो बोलायला लागला. आई, तोच आवाज. सून पदराला हात पुसत पळत आली. मी तिला काहीतरी सांगत होतो, तिला ऐकू येत नव्हतं, आणि माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं ते धुराचं नव्हतं. पाव तास झाला. मग त्याने धापा टाकल्या आणि बंद पडला.

मी मटकन जमिनीवर बसलो. पंप नवा, नोझल नवं, रिंगा नव्या, आणि दुखणं जुनंच. मिस्त्री मात्र खाली बसले नाहीत. "मास्तर, ह्यो आजार तुमच्या आईच्या टायमाचाच का? पाव तासाचा?" मी हो म्हटलं. "मंग आईचा हात त्यात न्हवताच. आता कुठंय त्यांचा हात?" अडतीस वर्षांत हे साधं बोलणं कुणाला सुचलं नव्हतं. डिझेल आहे का बघायला त्यांनी झाकण फिरवलं, तर सुस्स करून आवाज आला. ते थांबले. इंजिन लगेच सुरू केलं, पाव तासाने पुन्हा बंद, झाकण फिरवलं, पुन्हा सुस्स. त्यांनी सुनेकडून साडीची पिन मागून घेतली आणि झाकणाच्या मधोमध टोचू लागले. तांबड्या रंगाचा मसुराएवढा तुकडा निघून आला. झाकण उन्हाकडे धरलं तर एका बारीक भोकातून उजेड येत होता. "टाकीला शेवास घ्यायला जागाच न्हवती," ते म्हणाले. "डिझेल खाली जायला वरनं हवा नको का? कुनी रंगवलंय हे?" डिझेल भरायला झाकण उघडलं की हवा आत जायची, मेकॅनिक बघायला आला की तोही आधी झाकणच उघडायचा, त्यामुळे त्याच्यासमोर गडी गुमान चालायचा.

कुणी रंगवलं होतं ते मी सांगितलं. मिस्त्री इतके हसले की त्यांना खोकल्याची उबळ आली, आणि मग मलाही हसू आवरेना. बारा वर्षं तू माझा आळ स्वतःच्या डोक्यावर घेऊन हिंडलीस, ह्याचं रडू यायला हवं होतं. ते नंतर आलं, घरात गेल्यावर. पण त्या क्षणी मला एवढंच दिसत होतं की तू सुटलीस.

बागेत पाळी घालत होतो तेव्हा आवाज ऐकून काका काठी टेकत आले. ते आता चौऱ्याऐंशीचे आहेत, कानाने मंद, पण हा आवाज त्यांनी बरोबर ओळखला. मी इंजिन चालूच ठेवून त्यांच्या कानाशी ओरडून सगळं सांगितलं, भोक, रंग, माझा ब्रश, सगळं. त्यांनी तीनदा विचारलं, "मंग वैनीनं न्हाई बिघडवला?" मी तीनदा नाही म्हटलं. ते बांधावर बसले आणि गडी तीन ओळी संपवून परत येईपर्यंत तसेच बसून होते. मग म्हणाले, "येवड्या लोकांत बोललो हुतो मी. आता त्येवड्याच लोकांत सांगाय पायजे. त्यातलं कोन जितं हाय?" त्या चहा पिणाऱ्यांतलं एकही नव्हतं. तरी पोळ्याच्या संध्याकाळी, गावातले बैल आणि नवे दांडगे ट्रॅक्टर मारुतीच्या देवळापुढे आले, त्यांच्यात बेगडाची शिंगं लावलेला आपला गडी उभा राहिला, तेव्हा काका पारावर चढले. बहिऱ्या माणसाला आपला आवाज केवढा आहे ते कळत नाही. "आमच्या वैनीनं ह्यो ट्रॅक्टर बिघडवला न्हवता," ते म्हणाले. "वैनी चांगल्या चालवत हुत्या. मी चुकीचं बोललो हुतो." ज्यांनी तुला कधी पाहिलंही नाही त्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. सून माझ्या शेजारी होती, तिने माझं मनगट घट्ट धरलं.

काकांनी त्यांचं बोलणं परत घेतलं. माझं राहिलंय. तू कपबश्या उचलून आत गेलीस तेव्हा मी तिथेच ओट्यावर होतो, आणि काका म्हणाले ते मलाही खरं वाटलं होतं. नुसतं वाटून मी थांबलो नाही. नोकरीला लागल्यावर स्टाफरूममध्ये मी तो किस्सा रंगात येऊन सांगायचो, आमच्या आईने ट्रॅक्टरचा जीव कसा घेतला त्याचा, तुझी मान खाली घालायची नक्कल करून. मास्तर लोक पोट धरून हसत. तू असतानाही सांगितला आणि गेल्यावरही. तुला अक्षरओळख नव्हती, आलेलं प्रत्येक पत्र मीच तुला वाचून दाखवायचो. हेही दाखवलं असतं, पण आई, हा शेवटचा भाग मी गाळून वाचला असता.