एक माणूस आडवा जाईल एवढी वाट

प्रति,
मा. साठा अधिकारी,
आपत्ती पूर्वतयारी कार्यालय.

विषय : तळमजल्याच्या बोळात चौथे कपाट न बसविणेबाबत.
संदर्भ : आपली खिडकीच्या गजांविषयीची नोटीस, व अर्जदाराचे आधीचे तीन अर्ज.

महोदय,

१. अर्जदार ही तळमजल्यावरील मागच्या खोलीत सासूबाईंसह राहते व कपडे शिवते. खोलीला दार एकच, ते बोळात उघडते. या बोळात आपल्या कार्यालयाने स्ट्रेचरची तीन लोखंडी कपाटे भिंतीला बोल्ट मारून बसविली आहेत. संकट कुठे नि कधी येईल याचा नेम नसल्याने, मोठे गोदाम भाड्याने घेण्यापेक्षा थोडाथोडा साठा इमारतींत ठेवणे स्वस्त पडते, असे तेव्हा समजावून सांगण्यात आले. ते अर्जदारास पटले होते. तिच्या यजमानांनी तर कपाटे आत घ्यायला हातही लावला.

२. गेल्या वर्षी दुपारी जेवता जेवता यजमानांच्या छातीत दुखू लागले. रुग्णवाहिका वेळेत आली, त्याबद्दल तक्रार नाही. परंतु कपाटांपुढे उरलेल्या वाटेतून तिचा स्ट्रेचर आत येईना. यजमान बसचालक होते, अंगाने भरलेले. हातांवर उचलून न्यावे, तर दोघांना शेजारी चालायला जागा नव्हती. वरच्या मजल्यावरील न्हावीकाका म्हणाले, बोल्ट काढा. आपल्या कार्यालयास फोन लावला. परवानगी देणारे साहेब पूर्वतयारीच्या प्रशिक्षणाला गेले होते, आणि एका माणसाचे दुखणे आपत्तीत बसत नाही, असे उत्तर मिळाले. शेवटी खिडकीचे गज कापले. तोवर यजमान गेले होते.

३. पुढच्याच आठवड्यात आपले तपासनीस आले. कपाटांचे सील शाबूत पाहून त्यांनी इमारतीला उत्तम असा शेरा दिला. गज कापल्याने साठ्याच्या सुरक्षिततेस बाधा येते, अशी नोटीस मात्र आली. अर्जदाराने गज पुन्हा बसवून घेतले आहेत.

४. आता असे समजते की, एकही स्ट्रेचर वापरला न गेल्याने खात्यात पैसा शिल्लक आहे, आणि तो वर्षअखेर खर्ची न पडल्यास पुढच्या वर्षी कमी मिळेल. म्हणून आमच्या बोळात चौथे कपाट येत आहे. कपाटे हलवावीत असे अर्जदाराने तीनदा कळविले. खरेदीला तरतूद आहे, हलविण्याला नाही, ती आपत्ती आल्यावर होते, असे उत्तर आले. बरे. तो विषय अर्जदाराने सोडून दिला आहे.

५. सासूबाईंना हल्ली बसल्या जागी धाप लागते. त्या म्हणतात, माझी काळजी करू नकोस, मी बारीक आहे, कशीही निघेन. झोपताना त्या खाट सोडून दाराशी अंथरूण घालतात, म्हणजे ऐनवेळी तेवढेच अंतर कमी. ते पाहून अर्जदारास पूर्वी रडू यायचे. आता काहीच येत नाही. हातातले शिवण तेवढे चालू असते.

तरी कृपया चौथे कपाट बसवू नये. बसवणे भागच असेल, तर आधी सोबतची नाडी बोळात आडवी धरून पाहावी व तेवढी वाट सोडावी. मला एवढेच हवे आहे.

आपली नम्र अर्जदार, चौथ्यांदा,
(सही)
शिवणकामवाली, तळमजला, मागची खोली
दिनांक : ९, चालू महिना

सोबत :
१. नोटिशीची प्रत.
२. गज बसविल्याची पावती.
३. पांढरी नाडी, एक. सासूबाईंच्या खांद्यांच्या मापाची. उचलणाऱ्याच्या हातांसाठी दोन्हीकडे चार-चार बोटे सैल सोडली आहेत.