मोठ्यांना मज्जाव असलेला अंक

वुडलँड्स, सिंगापूर
रविवार, १४ जुलै २०२४

प्रिय दादा,

नमस्कार. वहिनीचा गुडघा कसा आहे? दिवाळीनंतर मी फोन केला नाही, त्याचं पुढे लिहिते. आधी बातमी: तुझी भाची संपादक झाली! दिवाळीपासून मराठीचं अक्षर न उच्चारणाऱ्या जाईने चक्क मराठी अंक काढलाय, हाताने लिहून.

हे खूळ शाळेतल्या इतिहासाच्या धड्यातून शिरलं. महायुद्धाआधी पोलंडमधली ज्यू मुलं आपल्या युवक संघटनांचे अंक काढायची, घरच्या यिद्दिश भाषेत. लोक त्या भाषेला मोडकी म्हणून हिणवायचे. तरी मुलं लिहायची आणि जिलेटिनच्या ट्रेवर शाईचा कागद दाबून प्रती उठवायची. पुढे त्यातली बहुतेक मारली गेली. हे वाचून जाई रडली, आणि मग माझ्याकडे ट्रे मागायला आली.

आपलं शाकाहारी घर, आणि जिलेटिन जनावरांच्या हाडांचं! मी शहाणपणा करून जिलेटिनऐवजी आगर-आगर शिजवलं, आपला चायना ग्रास. कागदावर नुसते जांभळे डाग. शेवटी तुझे मेहुणे जिलेटिन घेऊन आले. पातेलं वेगळं, आणि छपाई दाराबाहेर कॉरिडॉरमध्ये. पहिली स्वच्छ प्रत उठली तेव्हा शेजारच्या चिनी आजीही टाळ्या वाजवत होत्या.

मी मजकुरातल्या चुका सुधारायला बसले होते, तर संपादकांनी कागद ओढून घेतला. "आई, डोंट टच लाह. माझ्या चुका मला छापायच्या आहेत." ('लाह' हे इथल्या इंग्रजीचं शेपूट.)

दादा, तेव्हा दिवाळी आठवली. तू तिचं एक चुकलेलं वाक्य पाहुण्यांसमोर पुन्हा पुन्हा म्हणवून घेतलंस आणि सगळे हसले. गमतीतच केलंस, ठाऊक आहे. पण मला फार राग आला, अजून आहे. पोरीने तोंडच मिटलं होतं रे.

आज इथल्या मराठी मंडळात प्रती हातोहात गेल्या. जाई माईकवर मराठीत बोलली. अडखळली, थांबली, पुन्हा सुरुवात केली. कुणी हसलं नाही. मी मात्र रडले.

एक प्रत सोबत आहे. वाचताना लाल पेन लांब ठेव. अंकात मोठ्यांना लिहायला बंदी आहे, पण शेवटच्या पानावरचं 'वाचकांची पत्रं' हे सदर तिने रिकामं ठेवलंय. पहिलं पत्र मामाचं हवं म्हणते. जसंच्या तसं छापणार आहे, चुकांसकट.

अजून रागावलेली, आणि आज फार फार सुखी,
तुझीच गिरिजा