गावातल्या पाहुण्या

सोमवार, १ डिसेंबर

काम मिळालं! ग्रामपंचायत गावाची माहिती गोळा करतेय. माणसं किती, शिकलेली किती, कमावती किती, नळ, गॅस, ढोरं — सगळं मोबाइलमध्ये भरायचं. खालचं गाव माझं, वरचं कलीमचं. कलीम म्हणजे माझ्याच वर्गातला. ग्रामसेवक म्हणाले, "पंधरा दिवसांत गावाचं चित्र उभं करा." पंधरा कशाला? मी दहात करते. कोणाच्या घरी काय शिजतंय ते मला नुसत्या वासावरून कळतं.

नियम दोनच. सहा महिन्यांहून जास्त राहतो तो घरचा, कमी राहतो तो पाहुणा. आणि घरधनी सांगेल तेच लिहायचं, आपलं शहाणपण घालायचं नाही. हा दुसरा नियम काही मला आवडला नाही.

मंगळवार, २ डिसेंबर

रहेमतुल्लाचाचा सोनाळ्याच्या बाजारात कपडे विकतात. विचारलं, चाची काय करतात? "अमीना? काही नाही, घरीच असते." आणि आतून शिलाई मशीनचा खडखडाट चालूच! मी मान लांब करून पाहिलं. चाची शाळेच्या गणवेशांच्या ढिगात बसलेल्या.

"चाची, तुम्ही काहीच करत नाही म्हणे?"

दाताने दोरा तोडत म्हणाल्या, "लिख दे बेटा, आराम करती." सगळेच हसलो. चाचा खाली मान घालून म्हणाले, "बरं, शिलाई लिव." अशी काढावी लागते माहिती!

गुरुवार, ४ डिसेंबर

बाया दिवसभर कापूस वेचायला जातात, म्हणून सकाळीच घरं गाठते. आज कारभारीदादांकडे गेले. त्यांची बहीण पुष्पांजली अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. नवऱ्याने दुसरी आणून ठेवली तेव्हापासून ती इथेच आहे. चार वर्षं झाली असतील.

दादा म्हणाले, "ते पाहुणी आहे."

"चार वर्साची पाहुणी, दादा?"

"इज्जतीची गोष्ट आहे बाई. पाहुणी लिव."

लिहिलं. काय करणार! पुष्पांजलीने मान वर केली नाही. तिकडे सासरी तिला कोण मोजणार? म्हणजे एवढी धडधाकट बाई, आणि ती कुठेच नाही! असा राग आला.

शनिवार, ६ डिसेंबर

खालच्या गावात अशा पाहुण्या बऱ्याच निघाल्या. स्वयंपाक करणाऱ्या, निंदणाला जाणाऱ्या, दळण आणणाऱ्या पाहुण्या!

आणि मी? नांदुऱ्याहून परत येऊन मला अडीच वर्षं झाली. नवऱ्याने, दीपकने, तिकडे दुसरा संसार मांडला, सासूने रेशनकार्डावरून माझं नाव काढलं. बाबा मात्र अजून विचारणाऱ्याला सांगतात, "सुचिता आली चार दिवस." माझे चार दिवस काही संपत नाहीत.

स्वतःच्या घराची माहिती स्वतः भरायची नाही, म्हणून आमच्याकडे उद्या कलीम येणार. मला या घरात घरची म्हणून लिहिलेलं पाहिजे. एवढंच पाहिजे. बाकी काही नको.

रविवार, ७ डिसेंबर

मी आत चहा करत होते, कान बाहेर. बाबांनी सांगितलं, "तीन माणसं. मी, गोकुळ अन् गोकुळची माय." गोकुळ म्हणजे माझा धाकटा भाऊ.

कलीम थांबला. "अन् सुचिता, काका?"

"ते पाहुणी आहे."

चहा मीच नेऊन दिला. कलीमने माझ्याकडे पाहिलं नाही.

नंतर आई म्हणाली, "पाहुणी म्हटलं का तिकडचं दार उघडं राह्यते, असं वाटते त्याईले." कसलं दार! ते कधीच बंद झालं. मी रडले. इथे कशाला लपवू?

सोमवार, ८ डिसेंबर

ठरलं. पाहुणी ना? मग पाहुणीच!

मंगळवार, ९ डिसेंबर

सर्व्हे आटोपून आले की बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसते. भाकरी थापत नाही, पाणी भरत नाही. सकाळी आंघोळीला गरम पाणी मागितलं! आई पदरात तोंड घालून हसते आणि जागची हलत नाही. ती मला सामील आहे.

म्हैस माझ्याशिवाय कोणाला हात लावू देत नाही. बाबा बादली घेऊन गेले, रिकामी घेऊन आले.

"काऊन वं बसली अशी?"

"पाहुणीले काम सांगतेत काय, बाबा?"

बाबा आत गेले, तांब्या भरून माझ्यापुढे ठेवला. मी म्हटलं, "यंदा संत्रा कसा काय आहे तुमच्याकडे?" मजा आली. मग बाबांचं तोंड पाहून वाईटही वाटलं. पण उठले नाही!

बुधवार, १० डिसेंबर

माझ्या भागाचं काम पुरं. म्हटल्याप्रमाणे दहा दिवसांत!

गोकुळने थापलेली भाकरी खाल्ली. पाहुण्याने नावं ठेवू नयेत, म्हणून गप्प राहिले. बाबा अर्ध्या ताटावरून उठले.

गुरुवार, ११ डिसेंबर

सकाळीच बाबा स्वतः जाऊन कलीमला घेऊन आले. म्हणाले, "रविवारचं दुरुस्त कर. चार माणसं." कलीमने मोबाइल काढला.

"नातं, काका?"

"लेक."

"किती महिने झाले इथं राहून?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "जल्मापासून."