साहेबांनी हलवलेली नदी

मंगळवार, ता. १४

चि. टिकलीस अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे बरे. फरशांचं दुकान चालू आहे. तुझ्या आत्याचा गुडघा आणि जीभ दोन्ही पूर्ववत.

तुमच्या साहेबांच्या कादंबरीचा आठवा खंड आणला. मागे छापलेली किंमत खोटी आहे. मला तो पडला असा: एक छिन्नी, डाव्या अंगठ्याचं नख, सुताराचा अबोला आणि आत्यासमोर गेलेली अब्रू. एवढ्यात एखाद्याची मोरी नव्याने बांधून दिली असती, आणि ती वाचनीय तरी झाली असती.

पुस्तकात निम्मी पानं नुसता वारा वाहतो. उरलेल्यात साहेब भूकंप करतात आणि नदी डोंगराच्या पलीकडे नेऊन टाकतात. का, तर त्यांना कंटाळा आला. पगारी माणसं हाताशी असली की नदी हलवायला काय लागतं!

परवा एका गिऱ्हाइकाने मागच्या खोलीत डोकावून विचारलं, "हे जमिनीवर काय, नवीन नमुना का?" म्हटलं, नाही हो, हा देश आहे. दर रविवारी आम्ही चौघं इथे बसतो. मी सूत्रधार; पाऊस पाडणं, शत्रू पाठवणं माझ्याकडे. बाकीचे तिघं (सुतार, दातांची डॉक्टरीण आणि तुझी आत्या) एकेक माणूस होतात, फासे टाकतात, जगतात नाहीतर मरतात. देश साहेबांच्या कादंबरीतला, माणसं आमची. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बरं, निळी कितीला?"

ती निळी म्हणजे आपली नदी. तुटक्या मालातून तू वेचलेली, मी बसवलेली. साहेबांच्या लहरीपायी ती मी हलवणार नाही. मी बसवलेली फरशी निघत नसते, हे या धंद्यात कुणालाही विचार.

आजवर त्यांच्या प्रत्येक खंडाशी मी जमवून घेतलं. तिसऱ्यात त्यांनी किल्लेदाराचं लग्न लावलं. आपण त्याला आधीच फाशी दिलेलं. मी त्याला जुळा भाऊ काढला. पाचव्यात त्यांना आठवलं की या देशात घोडाच नाही. सुताराचा लाडका घोडा मी एका वाक्यात थोराड गाढव केला; सुतार महिनाभर हिरमुसला होता, पण गाढवावर बसला. कुठे काही जुळेनाच, तर माझी जुनी युक्ती: पुस्तकात आहे ते भाट गातात, खरं काय ते आमच्या फरशीवर घडतं.

पण सातव्यात नावाडीण आली, आणि तिथे माझी युक्ती संपली.

रडणाऱ्या माणसाकडून भाडं न घेणारी नावाडीण. साहेब मुलाखतीत सांगतात, एका पहाटे ती त्यांना सुचली म्हणे. पहाटे! ती या खोलीत सुचली, भर दुपारी, पाय खुर्चीवर घेऊन बसलेल्या बारा वर्षांच्या पोरीला. मी म्हटलं होतं, भाडं घे, नाहीतर घाटमालक ओरडेल. तू म्हणालीस, "ओरडू दे. रडणारा माणूस आधीच जड असतो." आयत्या बिळात नागोबा कसा शिरतो ते मी बाजारात पुष्कळ पाहिलंय. आपल्या घरातूनच बिळाची वाट दाखवलेली मात्र पहिल्यांदा पाहिली.

साहेबांकडे तुझं काम काय, तर नवा खंड जुन्या खंडांशी ताडून पाहायचा, मेळ बसवायचा. चांगलं आहे. आमच्याशी मेळ बसतो की नाही, ते कोण पाहणार होतं?

मागच्या रविवारी सुतार म्हणाला, "शेठ, नदी तिकडे गेली. आता नाव कुठे घालायची?"

"नाव इथेच. नदीही इथेच."

दातांची डॉक्टरीण म्हणाली, "म्हणजे पुढचे सगळे खंड आपण भाटांच्या नावावर ढकलायचे? मग पुस्तक आणायचं तरी कशाला?"

"आणि नावाडीण आहे कुठे?" सुतार थांबेना. "टिकली गेल्यापासून तुम्ही म्हणता, ती खालच्या बंदराला गेलीय. पुस्तकात ती डोंगर चढून गेलीसुद्धा. पोरीलाच विचारा ना एकदा."

मी म्हटलं, "तू रंधा मार."

त्याने फासे खाली ठेवले, चपला घातल्या आणि गेला. डॉक्टरीणबाईंना अचानक पेशंट आठवला.

उरलो आम्ही भावंडं. मग मी आत्याला घाटमालकाचं प्रकरण मोठ्याने वाचून दाखवलं, साहेबांचा दर्जा कळावा म्हणून. नदी गेलेली, घाट कोरडा, आणि हा गडी काठावर उभा राहून लोकांना रांग लावायला सांगतोय! भाडं मागतोय! त्याची मुलगी विचारते, आज नाव मी नेऊ का? तर तो चारचौघांत हसतो आणि म्हणतो, "आधी वल्हं धरायला शीक." मी म्हटलं, आक्का, असा माणूस असतो का? असं कोण बोलतं?

आक्का म्हणाली, "तूच बोललास. तिने विचारलं होतं, बाबा, आजचा खेळ मी चालवू? चार रात्री जागून तयारी केली होती पोरीने. तू म्हणालास, आधी फासे धरायला शीक. मी याच खुर्चीत होते."

मी म्हटलं, तुला काही आठवत नाही. ती म्हणाली, "मला आठवतं. आणि तेव्हा तो सुतारही हसला होता. ते त्याला खातंय, म्हणून तो तुझ्यावर एवढा चिडलाय."

असो. म्हाताऱ्या माणसांचं काय ऐकायचं.

तर कामाचं लिहितो. साहेबांनी नदी डोंगरापलीकडे नेली, पण नेली कोणत्या वाटेने हे पुस्तकात नाही. कुठे वळते, कुठे पसरते, पायी ओलांडायला उतार कुठे मिळेल, काही नाही. त्यांना ठाऊकच नसणार. वारा वाहवण्यापलीकडे त्या माणसाची झेप नाही. तुला ठाऊक असेल.

एखाद्या रविवारी ये. सुताराला मी सांगतो, तो येईल. सूत्रधाराची खुर्ची जरा डुगडुगते, पण बसण्यासारखी आहे. मी आत्याशेजारी बसेन. मला कुणीही कर. घाटमालक केलंस तरी चालेल, त्याचे संवाद पाठ आहेत.

वर लिहिलंय की मी बसवलेली फरशी निघत नसते. निघते. नख त्यातच गेलं. नदी सध्या बादलीत आहे.

तुझा,
बाबा