सर्वांत खालची रेघ

प्रिय स्वानंद,

तुझ्या मुलीचा पाळणा मी केला, एकही खिळा न ठोकता. आपल्या मिरकाबच्या खोलीतलं कपाट मी केलं. बारा वर्षांत त्याची बिजागरी एकदाही कुरकुरली नाही. लिफ्टच्या दोराचा ताण मोजायचं यंत्र भंगारातून जुळवलं, आणि कंपनीच्या यंत्राशी त्याचं पटत नाही तेव्हा माझंच बरोबर असतं. तीन पितळी नाणीही केली, मधे चौकोनी भोक पाडून, कारण सूकच्या बाजारात मिळालेली चिनी नाणी एकसारख्या वजनाची नव्हती.

त्या नाण्यांवरून तू मला किती छळलंस! "मामा, तुमचा चिनी पोपट आज काय म्हणतो?" पोपट नाही रे तो. तैवानहून लिफ्ट बसवायला आलेल्या एका म्हाताऱ्या फिटरला मी नाणी टाकून असा कौल घेताना पाहिलं, बाकीचं स्वतः वाचून शिकलो. तीन नाणी, सहा वेळा. छापा म्हणजे तीन, काटा म्हणजे दोन. बेरीज सम आली तर तुटकी रेघ, विषम आली तर अखंड. रेघा खालून वर मांडायच्या. पुढे काय होणार हे त्यात विचारायचं नसतं. आपण काय टाळतोय, ते विचारायचं.

या महिन्याच्या तीन तारखेला मी विचारलं. सालमियातल्या त्या नऊ मजली इमारतीच्या लिफ्टची मी वाळूची पोती भरून चाचणी घेतली होती. ब्रेक लागल्यावरही ती अकरा सेंटीमीटर खाली सरकली. आमचा मॅनेजर मुकेश म्हणाला, "उस्ताद, दो लिख दो. अकरा म्हणजे काय, हातभर पण नाही." मी म्हटलं, बघतो. सातव्या मजल्यावर योगिनी नावाची नर्स राहते, आईला व्हीलचेअरवरून रोज खाली आणते. ती म्हणाली, "काका, थांबताना लिफ्ट जरा खाली बसते हो हल्ली." तिलाही म्हटलं, बघतो.

नाणी टाकली. पहिल्यांदा तिन्ही काटे. बेरीज सहा, म्हणजे सर्वांत खालची रेघ तुटकी, आणि तिन्ही नाणी सारखी पडली म्हणून बदलणारी. मग चार तुटक्या, वर एकच अखंड. छप्पर शाबूत, खाली सगळं पोकळ. खालची रेघ बदलून मांडली तर वरखाली अखंड, मधे रिकामं, म्हणजे उघडा जबडा. तो मला विचारत होता, तुझ्या तोंडात कोणाचा घास आहे?

आणि मी काय केलं, तर नाण्यांचं वजन! सोनाराच्या काट्यावर. एक नाणं एक दशांश ग्रॅमने हलकं निघालं. केवढा आनंद झाला मला! उत्तर बाद. नवं नाणं करायला घेतलं, घासून, तोलून, पुन्हा घासून. सोळा दिवस गेले, स्वानंद. सोळा दिवस लिफ्ट चालू होती आणि मी पितळ घासत होतो.

काल नाणं तयार झालं. ते टाकण्याआधी चाचणी पुन्हा घेतली. एकोणीस सेंटीमीटर. मग नाणी टाकली नाहीत. विचारायला काही उरलंच नव्हतं.

आज सकाळी मेन स्विच पाडून कुलूप लावलं. तासाभरात मुकेशने ते कापलं. मी हे लिहितोय तेव्हा लिफ्ट खालीवर करते आहे. लिफ्ट बंद करा असा अरबीत अर्ज टाइप करून घेतलाय, पण शुक्रवार-शनिवारच्या सुट्टीनंतर सरकारी खिडकी रविवारी उघडेल आणि कंपनीने माझं परतीचं तिकीट उद्याचं काढलंय. तोपर्यंत जिने चढून प्रत्येक दार ठोठावणार आहे. फोन कंपनीचा आहे, म्हणून हा कागद खालच्या किराणावाल्या अशरफभाईंच्या हाती पाठवतोय. अर्ज सोबत आहे.

तो अर्ज तू द्यायचास. कारण रविवारीच या लिफ्टच्या तपासणीचा दाखला तुझ्या टेबलावर येईल. मोजणी माझी, पण डिग्री तुझी, म्हणून सही तुझी. त्यावर दोन सेंटीमीटर लिहिलेलं असेल. मी सोळा दिवस लावले, तू सोळा मिनिटंही लावू नकोस. ते तुलाही एखादा आकडा सांगतील, मानाने, चहा पाजून. त्याआधी माझा आकडा तुला माझ्या तोंडून कळू दे. एकोणीसच्या जागी दोन लिहिण्यासाठी मला इथे राहायचा परवाना, इकामा, दोन वर्षं वाढवून आणि वर रोख चार हजार दिनार देऊ केले होते. मी नको म्हटलं.

तुझाच,
विजयमामा