दाढेची अंतर्गत बदली

ती. दाजी,

तुम्हाला आणि ताईला नमस्कार. गुडघा आता काय म्हणतो? ताईने फोनवर सगळं सविस्तर सांगितलं, पण तिच्या सांगण्यात तुमचा गुडघा कुठे संपतो आणि तुमचा हट्ट कुठे सुरू होतो तेच मला कळेना. इकडे बाकी सगळे मजेत आहेत. माझ्याबद्दल मात्र बरंच लिहायचंय, तेव्हा पाय लांब करून, टेकून बसा.

बिस्किटांच्या कारखान्यात मी चावून बघणारा आहे हे तुम्ही जाणताच. (माझं लग्न जमवताना तुम्ही 'मुलगा तपासणी अधिकारी आहे' असं ठोकून दिलं होतंत, त्याबद्दल मी अजून तुमचा ऋणी आहे.) भट्टीतून निघालेल्या प्रत्येक खेपेतलं एक बिस्किट मी उजव्या दाढेखाली धरतो, आवाज ऐकतो आणि 'पास' म्हणतो, नाहीतर मान हलवतो. मध्यंतरी आमचा भट्टीवाला फोनवर जावयाशी भांडत बसला आणि एक खेप आत जरा जास्तच राहिली. मी चावलं. आवाज झकास आला, पण तो बिस्किटाचा नव्हता. दाढ उभी चिरली होती. मी तरीही सवयीने 'पास' म्हणालो आणि मगच खाली बसलो.

दातांच्या डॉक्टरीणबाई वयाने पोरसवदा, पण मनगटात सुताराचा जोर. त्यांनी आत बॅटरी मारली आणि म्हणाल्या, "ही गेली. पण मागे तुमची अक्कलदाढ आहे, ती नुसती बसून असते. तिलाच काढून इथे लावू." मला वाटलं थट्टा करताहेत. दाजी, माणसाची बदली होते, फार तर कपाटाची होते, पण दाढेची? तीही त्याच तोंडात? त्यांनी समजावलं, की स्वतःचीच असल्यामुळे हिरडी तिला परकी मानत नाही आणि नशीब असेल तर ती तिथे रुजते. नशीब नसेल तर काय, हे मी विचारलं नाही. आमच्या हिने तेवढं विचारलं, "अक्कलदाढ काढल्यावर यांच्यात काही फरक पडेल का?" आणि बाई नाही म्हणाल्यावर हिचा चेहरा पडला.

मी बहुधा टाळलंच असतं, पण मालकांनी त्याच आठवड्यात बिस्किटं मोडून बघणारं एक यंत्र महिना-दीड महिना वापरून पाहायला आणलं. आता दाढ तरी लावायची, नाहीतर घरी बसून हिच्या बहिणींच्या तक्रारी ऐकायच्या. मी मुकाट्याने खुर्चीवर आडवा झालो.

चिरलेली दाढ निघाली, अक्कलदाढही निघाली, आणि आता ती नव्या जागी बसवायची तेवढ्यात मला शिंक आली. (तुम्ही म्हणाल, दाबायची. तोंडात दोन हात आणि एक नळी असताना तुम्ही दाबून दाखवा.) चिमट्यातली दाढ उडाली. बाई ओरडल्या, "कुणी हलू नका!" मदतनीस तिथेच थिजली. दाढ फार वेळ बाहेर ठेवून चालत नाही म्हणे. मी 'आ' वासून पडलेला, दोन्ही खड्डे रिकामे, आणि माझी अक्कल खोलीत कुठेतरी पडलेली. शेवटी बाईंनी दार उघडून हिला आत बोलावलं. ही आली, कमरेवर हात ठेवून एकदा बघितलं आणि म्हणाली, "ती काय तुमच्या छातीवर, कापडाच्या घडीत!" घरात चष्मा शोधून देते, अगदी त्याच आवाजात. बाईंनी दाढ धुऊन जागेवर बसवली, तारेने शेजारणीला बांधली, आणि पुढे तिच्या मुळातली नसही काढून मूळ भरून टाकलं.

मग पेज, पातळ भात आणि मौन. ही एवढी खुशीत होती, की मला तिचा संशय यायला लागला.

तार सुटली त्या दिवशी मालक, भट्टीवाला आणि ते यंत्र अशा सगळ्यांसमोर मी बिस्किट दाढेखाली धरलं. काट्! सगळे दचकले. मी जीभ फिरवून पाहिली. दाढ जागेवर होती. म्हणालो, "पास!" यंत्र तोवर चुरा अडकून आपोआप बंद पडलं होतं. मालकांनी ते परत पाठवलं आणि माझ्या पाठीवर थाप मारली. (ती मारायला नको होती, दाढ अजून नवी होती. पण आनंद आनंद असतो.)

ताईला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा मेहुणा

ता. क. : सोबत बिस्किटांचे पाच पुडे पाठवतोय. भेट समजू नका. प्रत्येकातलं एकेक चावून कुठलं मऊ, कुठलं कडक ते मला लगेच फोन करून सांगा, आणि यापुढे दर खेपेला सांगत जा. खरं सांगतो, दाढ पक्की बसलीय, पण तिला काही म्हणजे काही कळत नाही. मी अंदाजाने 'पास' म्हणतो. शेवटी अक्कलदाढ माझीच. मालकांना बोलू नका.

ता. ता. क. : दाजी, पत्र पाकिटात घालताना मी वाचलं. बिस्किटं आधी चहात चांगली बुडवा. पाचही पुडे यांनीच पास केलेत. — तुमच्या मेहुण्याची बायको